आठ महिन्यांनंतर: भिंतीवरचा शॉवर आणि भिंतीतलं प्लंबिंग

बाथरूम नवं करून आठ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. आता क्षार चढलेत, एकदा कार्ट्रिज (नळाच्या आतला, पाणी सोडणारा-अडवणारा भाग) उघडून झालंय, आणि माझी कुठली निवड फसली हे रोज सकाळी कळतं.

सगळ्यात मोठी फसगत आधी. मला पावसासारखं पाणी पडणारा आठ इंची शॉवर हवा होता. खोक्यावर लिहिलेलं: ३ बार दाबाला मिनिटाला १२ लिटर. त्यातले १२ लिटर लक्षात राहिले, ३ बार मी वाचून सोडून दिलं. आमची टाकी गच्चीवर, शॉवरच्या तोंडापासून जेमतेम तीन मीटर उंच. पाण्याची उंची दहा मीटर असेल तर साधारण १ बार दाब मिळतो; म्हणजे आमच्या वाट्याला ०.३ बार, खोक्यावरच्या दाबाचा दहावा हिस्सा. प्रवाह तितका घटत नाही, तो वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होतो, पण तरी बाराचे चारच्याही आत येतात. बादली लावून, घड्याळ धरून मोजलं: पाच लिटरला दीड मिनिट. पाणी मधल्या छिद्रांतून ओघळत होतं, कडेची छिद्रं कोरडी. डोक्याला शाम्पू लावून त्याखाली उभं राहिलं की शेवटी हात मगाकडेच जायचा.

प्रेशर पंप लावता आला असता, पण त्याची घरघर मला नको होती. मग चार इंची, कमी छिद्रांचा शॉवर आणला. पाणी तेवढंच, पण धारेला जोर आला. त्याच्या मानेत पाणी वाचवण्यासाठी प्लॅस्टिकची बारीक चकती होती, तीही काढली. दाब मुळातच कमी असताना तिचा अडथळाच जास्त. आर्मचा (भिंतीतून येणाऱ्या, शॉवर धरणाऱ्या नळीचा) आटा नेहमीचा अर्धा इंची, त्यामुळे बदलायला दहा मिनिटं लागली. पान्याखाली फडकं धरा, नाहीतर क्रोमवर दात उमटतात.

शॉवर दहा मिनिटांत बदलता येतो, भिंतीत गाडलेला डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरकडे की नळाकडे ते वळवणारा भाग, नाही. त्याच्या बॉडीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात आणि टाईलचा बाहेरचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यावा लागतो. आमच्या प्लंबरने माप विटेपासून धरलं. वर प्लास्टर आलं, चिकटवायचा थर आला, टाईल आली, आणि बॉडी इतकी आत गेली की हँडल स्पिंडलवर (ते ज्या दांड्यावर बसतं त्यावर) नीट बसेना. नशीब, त्या मॉडेलला एक्स्टेन्शन मिळत होतं. नसतं मिळालं तर नवी टाईल फोडावी लागली असती.

एक गोष्ट मात्र हट्टाने करून घेतली. टाईल लावायच्या आधी सगळी तोंडं बंद करून लाइनला पंपाने दाब दिला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी दाब दाखवणारा काटा खाली आलेला. एका पितळी आट्याच्या एल्बोला (पाइपच्या कोपऱ्यातल्या जोडाला) घाम आल्यासारखे थेंब होते. ते भिंतीत बुजलं असतं तर पलीकडच्या खोलीच्या रंगाला फुगे येईपर्यंत कळलं नसतं. तेव्हाच टेप धरून पाइपांचे फोटोही काढून ठेवले. टॉवेलचा दांडा लावताना ड्रिल कुठे मारायचं ते त्यांवरूनच ठरवलं.

गरम आणि थंड लाइनला बाथरूमपुरते वेगळे व्हॉल्व्ह लावा म्हटलं तर प्लंबर म्हणाला, "कशाला ताई, गच्चीवर मेन आहे ना?" मी ऐकलं नाही. पाचव्या महिन्यात, टाकी धुतल्यानंतर, बंद शॉवर टपकायला लागला. दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, हँडल काढलं, कार्ट्रिज उपसलं. सिरॅमिकच्या दोन चकत्यांमध्ये वाळूचा एक कण. धुऊन परत बसवलं, टपकणं थांबलं. घरातल्या बाकीच्या नळांना पाणी चालूच होतं.

हँड शॉवरच्या होजची गळती याहून क्षुल्लक, पण डोकं तीच खात होती. प्लंबरने तिथे टेफ्लॉन टेपचे वेढ्यावर वेढे दिलेले. त्या जोडाला टेप लागतच नाही, आतला रबरी वॉशर पाणी अडवतो, आणि आमचा तिरका बसून चिरला होता. वॉशर बदलला, नट हातानेच आवळला.

गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप, वापरलाय, त्याची काही तक्रार नाही. थंड पाण्याचा साधा यूपीव्हीसी पाइप तिथे चालत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

काळ्या मॅट फिनिशच्या मोहात मात्र पडू नका. माझा हँड शॉवर काळा आहे आणि खारं पाणी वाळलं की त्यावर खडू फासल्यासारखं दिसतं. क्रोमवरही डाग पडतात, पण ओल्या फडक्याने निघतात. छिद्रं सिलिकॉनची असतील तर उत्तम; आठवड्यातून एकदा अंगठा फिरवला की क्षाराचे पापुद्रे गळून पडतात.

तो आठ इंची शॉवर अजून खोक्यात, माळ्यावर पडून आहे. कुणाला हवा असेल तर खुशाल घेऊन जा, फक्त आधी टाकीची उंची मोजून या.