मातीने माखलेल्या लाकडासाठी कार्बाइडची साखळी: दोन हंगामांचा अनुभव

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आमच्या वाडीतील माड, पोफळी आणि दोन जुने आंबे आडवे झाले. वाट मोकळी करण्यापुरती तोड लगेच झाली. उरलेली खोडे मात्र पावसाळाभर चिखलात लोळत राहिली आणि सुकल्यावर त्यांच्या सालीत तांबडी माती व पुळणीची वाळू घट्ट बसली. अशा खोडात चेन सॉची साधी साखळी घातली की दोन-तीन कापांतच ती भुशाऐवजी पीठ पाडू लागे, एका बाजूला ओढू लागे आणि कानस घेऊन बसावे लागे. वाळूतील क्वार्ट्झपुढे साखळीच्या दातांचे पोलाद टिकत नाही, आणि माडाच्या खोडात तर निसर्गतःच सिलिका असते, त्यामुळे स्वच्छ माडही धार खातो.

या कंटाळ्यातून मी श्टिल कंपनीची 'रॅपिड ड्युरो' ही साखळी घेतली. हिच्या प्रत्येक दाताच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड या पोलादापेक्षा कितीतरी कठीण पदार्थाचा लहान तुकडा ब्रेझिंगने, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या सांध्याने, जोडलेला असतो. तिची धार साध्या साखळीच्या चौपट टिकते, असे उत्पादक सांगतो. मी घड्याळ लावून मोजणी केलेली नाही, परंतु माखलेल्या आंब्याच्या ज्या बुंध्यावर पूर्वी अर्ध्या दिवसात तीनदा कानस चालवावी लागे, तो बुंधा या साखळीने धार न काढता संपला, एवढे खात्रीने सांगतो. स्वच्छ लाकडात ही साखळी नव्या साध्या साखळीपेक्षा किंचित मंद वाटते, कारण कार्बाइडची कड पोलादाइतकी बारीक ठेवली तर ती तुटते. म्हणून ओल्या, धुतल्यासारख्या स्वच्छ फणसाला मी अजूनही साधीच साखळी चढवतो.

कार्बाइड कठीण असते, पण ठिसूळही असते, हे विसरणे महागात पडते. कुंपणाच्या तारेसाठी ठोकलेला जुना खिळा लागला आणि माझ्या साखळीवरील दोन तुकडे उडाले. अग्निशमन दलांसाठी आघात सोसणाऱ्या बचावकार्याच्या वेगळ्या कार्बाइड साखळ्या मिळतात. ही त्या जातीची नव्हे, त्यामुळे दोष माझाच होता.

खरी परीक्षा धार काढण्याच्या वेळी झाली. साधी साखळी कोणीही गोल कानशीने ओट्यावर बसून पाजळतो, पण कार्बाइडवर पोलादी कानस नुसती घसरते. माझी साखळी मी प्रथम एका दुकानात दिली. तिथे तिला नेहमीच्या गुलाबी दगडावर, पाण्याशिवाय, दाबून घासले गेले. दगडच झिजला, तुकडे तापले, आणि पुढच्या वापरात एक तुकडा ब्रेझिंगमधून सुटून गेला. यासाठी हिऱ्याचे चाक लागते. कार्बाइडसाठी वापरतात ते हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे दगडही काम करतात, पण कड खडबडीत राहते. शेवटी तोडगा मिळाला तो लाकूडकामाच्या वाटेने: प्लायवूड कापणाऱ्या टीसीटी (दातांना टंगस्टन कार्बाइडची टोके असलेल्या) ब्लेडना धार लावणाऱ्या एका कारागिराकडे हिऱ्याचे चाक आणि पाण्याची धार दोन्ही होती. चाक फक्त कार्बाइडला लावायचे, मागच्या पोलादाला नाही, कारण पोलादाने हिऱ्याचे चाक बुजते आणि उष्णतेत ते झिजतेही. मूळ कोन तसाच ठेवून हलक्या हाताने थोडेच घासायचे, हे त्याला सांगावे लागले नाही. दातापुढील खोली ठरवणारा बुटका भाग मात्र पोलादाचाच असल्याने तो मी घरी सपाट कानशीने उतरवतो. घरी हिऱ्याची कानस वापरणाऱ्याने तोंडावर मास्क बांधावा, कारण कार्बाइडच्या धुळीतील कोबाल्ट फुप्फुसांना घातक असते.

कार्बाइड म्हणून माती चालते, हा समजही मला सोडावा लागला. टोके टिकली तरी साखळीचे रिव्हेट, कड्या आणि बारची, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीची, खाच पोलादाचीच असते, आणि तेलात मिसळलेली वाळू त्यांना पॉलिश पेपरसारखी झिजवते. म्हणून कापाच्या रेषेवरील साल कोयत्याने काढणे, बार उलटा-सुलटा करून वापरणे आणि तेल मुबलक सोडणे हे पूर्वीइतकेच करावे लागते. बारच्या खालच्या बाजूने कापताना साखळी आपल्याकडे येते, तेव्हा माखलेली बाजू आपल्याजवळ ठेवून उभे राहावे, म्हणजे दात स्वच्छ बाजूने लाकडात शिरतात आणि माती शेवटी बाहेर फेकली जाते.

किंमत मला साध्या साखळीच्या सुमारे चौपट पडली. वाडीत वर्षाकाठी दोन-चार झाडे कापणाऱ्याने तेवढ्या पैशांत साध्या साखळ्याच घ्याव्यात आणि कानस शिकावी. ज्याला उन्मळलेली, वाळूत रुतलेली खोडे नेहमी तोडावी लागतात आणि ज्याच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर हिऱ्याचे चाक असलेला कारागीर आहे, त्याने ही साखळी जरूर घ्यावी, पण आधी त्या कारागिराला नमुना दाखवून तो तिला हात लावायला तयार आहे का, हे विचारून घ्यावे. मी उलट क्रमाने केले, आणि ती साखळी धारेवाचून तीन महिने खुंटीला लटकत राहिली.