आईच्या नर्सिंग होममधली औषधं: पार्ट डी आणि फार्मसीचा काही महिन्यांचा अनुभव

आई अमेरिकेत नर्सिंग होममध्ये (तिकडे म्हणजे छोटं हॉस्पिटल नव्हे, वृद्धांना ठेवून घेऊन काळजी घेणारं केंद्र) आहे त्याला आता बरेच महिने झाले, औषधांचं सगळं मीच बघतो. एकंदर समाधानी आहे, पण मेडिकेअरचा, म्हणजे तिकडच्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा, पार्ट ए (हॉस्पिटल आणि त्यानंतरची काळजी) संपून पार्ट डी (औषधांचा विमा) सुरू होतो ना, तिथे फार सांभाळा.

हॉस्पिटलमधून रिहॅबला आली तेव्हा मेडिकेअर पार्ट ए होतं, जास्तीत जास्त 100 दिवस, त्यात औषधं धरलेलीच असतात. ते संपलं आणि त्याच गोळ्या पार्ट डी प्लॅनच्या मंजूर औषधांच्या यादीत आहेत का हे बघणं सुरू झालं, तिच्या रक्त पातळ करायच्या गोळीलाच प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे प्लॅनची आधी मंजुरी, मागितलं, माझ्या तर पोटात गोळा आला. पण प्लॅनने ते औषध द्यावं म्हणून केलेला अपवादाचा अर्ज चालू असेपर्यंत नर्सिंग होममधल्या माणसाला प्लॅनने इमर्जन्सी सप्लाय द्यायचा असतो, तो मागून घ्या, गप्प बसू नका. आणि प्लॅन पटला नाही तर ऑक्टोबरपर्यंत (तेव्हा सगळ्यांना प्लॅन बदलता येतो) थांबायची गरज नाही, तिथे राहणाऱ्यांना दर महिन्याला बदलता येतो.

फार्मसी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नाही, नर्सिंग होमचा करार असलेली लाँग टर्म केअर फार्मसी, गोळ्या ब्लिस्टर कार्डात, म्हणजे एकेक गोळी वेगळ्या कप्प्यात असलेल्या कार्डात, येतात. ब्रँडेड गोळ्या एका वेळी 14 दिवसांच्याच, त्यामुळे डॉक्टरांनी औषध बदललं तरी फार वाया जात नाही. शुक्रवारी संध्याकाळी अँटिबायोटिक लिहून दिलं तेव्हा पहिला डोस तिथल्या इमर्जन्सी किटमधून मिळाला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फार्मासिस्टचा रिव्ह्यू. दर महिन्याला प्रत्येकाची सगळी औषधं तपासायची असा फेडरल नियमच आहे, आणि काही खटकलं तर डॉक्टरांना लेखी कळवायचं, डॉक्टरांनी काय केलं तेही फाईलला नोंदवायचं. आईची हॉस्पिटलात सुरू झालेली झोपेची गोळी कोणी बंदच केली नव्हती, दिवसभर गुंगीत असायची बिचारी, ती फार्मासिस्टने पकडली, डोस हळूहळू कमी केला आणि आता जेवताना गप्पा मारते, मला नातवंडांची नावं घेऊन विचारते. केअर प्लॅन मीटिंगला (नर्सिंग होमवाले घरच्यांशी काळजीबद्दल बोलतात ती बैठक) जाल तेव्हा त्या रिव्ह्यूत काय निघालं ते नक्की विचारा, आपणहून कोणी सांगत नाही.

खर्चाचं म्हणाल तर 2026 मध्ये पार्ट डीत बसणाऱ्या औषधांवर खिशातून वर्षाला 2,100 डॉलरच्या वर जात नाही, मेडिकेडही (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) असेल तर नर्सिंग होममध्ये राहणाऱ्यांना कोपे, म्हणजे औषधामागे आपण भरायचा वाटा, द्यावाच लागत नाही. व्हिटॅमिन आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं मात्र बहुतेक पार्ट डीत येत नाहीत, ती बिलात वेगळी लागलीत का ते बघा.