'खातोय' म्हणून विकलेला कॉपरबँड

रीफ टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांच्या टँकमध्ये, एप्टेशिया हा झपाट्याने पसरणारा उपद्रवी अ‍ॅनिमोन माजला की कुणीतरी कॉपरबँड बटरफ्लाय हा मासा सुचवतं आणि व्यवहार तिथून सुरू होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर छोटा व्हिडिओ येतो. केशरी पट्ट्यांचा, लांब चोचीचा मासा पाण्यातलं काहीतरी टिपताना दिसतो. सोबत मजकूर: 'खातोय, रीफ सेफ, एप्टेशिया साफ करतो, मेलेला पोहोचला तर बदलून देऊ.' पूर्ण रक्कम यूपीआयने आगाऊ घेतात. मासा जिवंत येतो, दोन दिवस खडकाच्या फटींत चोच घालत फिरतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोपऱ्यात उभा राहतो आणि आठवड्याच्या आत मरतो. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: 'तुमचं पाणी खराब असणार.'

पाणी बहुतेक वेळा ठीक असतं. मासा विकला तेव्हाच तो उपाशी होता.

व्हिडिओत तो जे टिपतो ते जिवंत आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, असतं. हलणाऱ्या जिवावर भुकेला कॉपरबँड झडप घालतोच. त्यावरून तो पुढे फ्रोझन खाण्यावर जगेल असं ठरत नाही. म्हणून पैसे देण्याआधी दुसरा व्हिडिओ मागा. काचेला तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली हवी. मधे कुठेही न कापलेली दोन-तीन मिनिटं हवीत, आणि टँकमध्ये वितळवलेलं फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखं गोठवलेलं खाद्य) सोडलेलं दिसायला हवं. मासा घास तोंडात घेऊन थुंकतो की गिळतो ते बघा. थुंकणारा मासा 'खाणारा' म्हणून सर्रास विकला जातो. मग त्याला समोरून दाखवायला सांगा. बाजूने कॉपरबँड नेहमीच छान दिसतो, इतका चपटा मासा बाजूने रोड दिसणार तरी कसा? समोरून मात्र डोक्यामागचा पाठीचा भाग भरलेला, गोलसर दिसायला हवा. तिथे खोबण पडून पाठ सुरीच्या पात्यासारखी झाली असेल तर स्नायू झिजलेले आहेत. असा मासा नंतर खायला लागला तरी क्वचितच वाचतो. विक्रेता 'आत्ता लाइट बंद आहे', 'आत्ताच खाऊन झालं' असं म्हणाला तर दुसऱ्या दिवशीचा व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा.

दुसरी लबाडी दुकानाच्या पाण्यात असते. मीठ वाचावं म्हणून अनेक दुकानांत विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या खारेपणाचं माप, 1.017 ते 1.019 वर ठेवतात. 'रोग होऊ नये म्हणून' असं सांगतात, पण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर उपचार म्हणून पाणी 1.009 पर्यंत उतरवावं लागतं, 1.018 ने काहीच बरं होत नाही. असा मासा तासाभरात 1.025 च्या टँकमध्ये गेला की त्याच्या अंगातलं पाणी खेचलं जातं. तो लगेच मरत नाही, दोन-चार दिवसांनी मरतो. हमी मात्र पार्सल उघडल्यापासून एक-दोन तासांची, तीही पिशवीतच मेलेल्या माशाची. ही मुदत उगाच इतकी आखूड ठेवलेली नाही.

त्यामुळे पिशवी उघडताच आधी तिच्यातलं पाणी मोजा, आणि मोजताना व्हिडिओ काढा. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) द्रावणाने जुळवलेला हवा. काटावाला हायड्रोमीटर बुडबुडे चिकटले की चुकतो. क्वारंटाइन टँक, म्हणजे नवा मासा वेगळा ठेवायचा टँक, पिशवीच्या गुरुत्वाला आणून ठेवा, मासा थेट तिथे सोडा आणि रोज 0.002 पेक्षा जास्त वाढवू नका. लांबून आलेल्या पिशवीत तासभर टँकचं पाणी थेंब-थेंब सोडत बसणं घातक आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतू नका. काही दुकानं पाण्यात ठिपक्यांवरचं औषध म्हणून कायम थोडं तांबं ठेवतात, त्यामुळे ठिपके तिथे दबलेले राहतात आणि तुमच्याकडे उमटतात. ते तांबं तुमच्या गोगलगायी आणि कोळंब्या मारतं.

क्वारंटाइनला 80 ते 100 लिटर, मुरलेला स्पंज फिल्टर, पीव्हीसीचे तुकडे आणि वर झाकण पुरतं. बटरफ्लाय माशांवर फ्लूक हे परजीवी किडे नेहमीचे, त्यांवर प्राझिक्वांटेल हे औषध 2.5 मिलिग्रॅम प्रति लिटर, आठवड्याने पुन्हा, आणि एअर पंप जोरात, कारण औषधाने ऑक्सिजन उतरतो. खाण्यासाठी कोकण-गोव्यातल्यांचं काम सोपं आहे: बाजारातल्या ताज्या तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) उघडून अर्ध्या शिंपलीसकट ठेवा. पिशवीतल्या कुठल्याही खाद्याकडे ढुंकून न बघणारा कॉपरबँड शिंपलीत चोच घालतो. खायला लागला की त्याच शिंपलीत मायसिस दाबून द्या. उरलेलं दोन तासांत काढा, नाहीतर अमोनिया चढतो.

'रीफ सेफ', म्हणजे रीफ टँकमधल्या इतर जीवांना न छेडणारा, हा दावाही सैल आहे. कॉपरबँड नळीकिडे फस्त करतो, ट्रायडॅक्ना शिंपल्यांना टोचतो, आणि एप्टेशिया खाईलच याची हमी कुणीही देऊ शकत नाही. काही खातात, काही पाहतही नाहीत. तो 20 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, 400 लिटरखालच्या टँकसाठी तो नाहीच. 'टँकमध्ये जन्मलेला' म्हणून जादा पैसे मागणाऱ्याकडे पैदास कुठे झाली त्याचं बिल मागा. बाजारातले कॉपरबँड जवळपास सगळे समुद्रातून पकडलेले असतात.

याहून उघड फसवणूक जात बदलण्याची. प्लवक खाणारा हेनिओकस डिफ्रूटीस हा दुसरा बटरफ्लाय मासा सांगून हेनिओकस अ‍ॅक्युमिनॅटस पाठवतात, जो प्रवाळ टोचतो. पहिल्याच्या पाठीवरच्या परामध्ये (फिनमध्ये) बहुधा 12 काटे असतात, दुसऱ्याच्या 11, आणि दुसऱ्याचं तोंड जास्त लांब. 'मेलन' बटरफ्लायसारखे केवळ प्रवाळाचे पॉलिप खाऊन जगणारे मासे तर कुठल्याच खात्रीवर घेऊ नका.

पैसे घेऊन मासा पाठवलाच नाही किंवा नंबर बंद झाला तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. मासा आला पण सांगितलेला नव्हता, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. दोन्हीकडे चॅट, व्यवहार क्रमांक, न उघडलेल्या पिशवीचा व्हिडिओ आणि मोजलेलं गुरुत्व लागतं.

एका प्रस्तावापासून मात्र चार हात लांब राहा: 'कॉपरबँडसोबत हॅमर किंवा अ‍ॅक्रोपोरा अर्ध्या किमतीत'. ही दोन्ही दगडी प्रवाळं. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. एकाच पार्सलमध्ये ते आले की माशाची तक्रार करणारा स्वतः अडकतो, आणि विक्रेत्याला हे पक्कं माहीत असतं.