बकरीच्या कातड्याचा शमन ड्रम: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

शमन म्हणजे ड्रमच्या लयीवर तंद्रीत जाऊन आत्म्यांशी बोलणारा, सायबेरियासारख्या भागातला वैदू-पुजारी. त्याच्या धर्तीचा ड्रम मी घेतला, आणि जुलैत त्याचा आवाज गेला. १६ इंची, चांगला साडेसहा हजारांचा ड्रम, आणि ठोका दिला की ओल्या पोत्यावर मारल्यासारखं धप्प. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर, "मॅडम, नॅचरल प्रॉडक्ट आहे, वॉरंटी नसते." बिल पाठवलं, व्हिडिओ पाठवला. शेवटी त्यांनी सुचवलं काय, तर सिंथेटिक पडद्याचा (म्हणजे वर कातड्याऐवजी प्लास्टिक ताणलेला) नवा घ्या, थोडी सूट देतो! न कमावलेलं कच्चं कातडं हवेतला ओलावा पिऊन सैल पडतं, हे विकणाऱ्याला माहीत असणारच. डोंबिवलीचा पत्ता लिहून घेताना एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं?

सैल कातड्याचा त्रास नुसत्या आवाजापुरता नाही. असा ड्रम वापरायला शिकवणाऱ्या आपल्याकडच्या कोर्समध्ये (मीही एक केला) बहुधा मायकल हार्नर यांची पद्धत शिकवतात. हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ १९५६-५७ मध्ये इक्वाडोरच्या शुआर लोकांत राहिले, नंतर पेरूत कोनिबो लोकांकडे गेले. तिथे त्यांनी वनस्पतींचा काढा पिऊन अनुभव घेतला, पण पुढे शिकवताना भर दिला ड्रमवर. मनात एक प्रश्न घेऊन आडवं व्हायचं, डोळे झाकायचे, आणि सेकंदाला चारेक ठोक्यांची एकसुरी लय पंधराएक मिनिटं ऐकत मनात जे दिसेल त्यामागे जायचं. यालाच 'जर्नी' म्हणतात. मी स्वतःच वाजवून फोनवर रेकॉर्ड करते. कातडं ताठ असेल तर काठी आपसूक उसळून वर येते. सैल असेल तर प्रत्येक ठोक्याला ती मनगटाने उचलावी लागते, लय पडते, आणि लय पडली की जर्नी तिथेच तुटते.

त्या आठवड्यात लिहिलं असतं तर एक तारा दिला असता. मग कळलं की सायबेरियातले शमन विधीआधी ड्रम आगीजवळ शेकतात. आपले हलगीवाले मिरवणुकीआधी कागद-पाचोळा पेटवून दुसरं काय करतात? मी हेअर ड्रायर हातभर लांब धरून, सतत फिरवत शेकायला लागले आणि ड्रम परत बोलू लागला. पूर्वी ऑफिसमधून आले की थेट आडवी व्हायचे, डोक्यात मेल चालूच. आता कातडं तापेपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात दिवस खाली बसतो.

कोर्सवाल्यांनी सेल्फ-लव्हचं सत्र वेगळे पैसे लावून घेतलं होतं. आरशासमोर उभं राहून "मी परिपूर्ण आहे" म्हणायचं. मला त्यातून काहीच मिळालं नाही, ते पैसे वाचवा. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये मांडलेली आत्म-करुणा खूप जास्त उपयोगी पडली: स्वतःशी मायेने बोलायचं, असा त्रास सगळ्यांच्याच वाट्याला येतो हे आठवायचं, दुःख दाबायचं नाही आणि फुगवायचंही नाही. मग मी जर्नीचा प्रश्नच बदलला. "माझं काय चुकतंय?" ऐवजी "आज मला काय जड गेलं?" या प्रश्नावर डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यानंतर स्वयंपाकघरात भांडी आपटणं खरोखर कमी झालं. घरच्यांनीच सांगितलं.

खोक्यावरचं 'ओरिजिनल सायबेरियन' मात्र खटकतं. तिथे ड्रम म्हणजे शमनचं वाहन, घोडा किंवा हरीण, आणि तो विधी करून जागवतात. १९३० च्या दशकात सोव्हिएत राजवटीने असे ड्रम जप्त केले, शमनांना तुरुंगात टाकलं. एवढं सोसलेल्या लोकांचं नाव कारखान्यातल्या मालावर छापू नये.

मुंबई-ठाणे-कोकणात असाल तर सिंथेटिक पडद्याचाच घ्या. त्याची गुंजन जरा कोरडी वाटते, पण लय टिकते. कातड्याचाच हवा असेल तर एसीच्या झोतात किंवा उन्हात गाडीत ठेवू नका, फार कोरडं झालं की कातडं ताणून फाटतं. आणि पैसे देण्याआधी पडदा बदलून देतात का, किती घेतात, हे बिलावर लिहून घ्या.