एक्स्टेन्शन घ्यावं, की एक्सेलवरच भागवावं?

वाशीच्या मसाला मार्केटात हिशेब बघणारी मावसबहीण फॉर्म्युले तपासायला ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन (छोटं जोड-साधन) घ्यावं की नाही, यावर अडली होती. तिला सांगितलं ते असं.

खर्च: डेस्कटॉपवरच्या एक्सेलमध्ये 'ट्रेस प्रिसिडेंट्स'चे बाण (आकडा कुठल्या खान्यांतून आला ते दाखवणारे) आणि 'इव्हॅल्युएट फॉर्म्युला' (फॉर्म्युला पायरीपायरीने सोडवून दाखवणारं) आधीच आहेत, म्हणजे त्यासाठी वेगळा खर्च नाही.

मेहनत: गूगल शीट्समध्ये असे बाण नाहीत. कंट्रोल आणि बॅकटिक (` ही की) दाबलं की सगळे फॉर्म्युले दिसतात, पण कुठला आकडा कुठून आला ते आपणच शोधायचं. तिथे एक्स्टेन्शन वेळ वाचवतं.

गोपनीयता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक्स्टेन्शनला पानावरचा मजकूर वाचायची परवानगी लागते, म्हणजे व्यापाऱ्यांचे दरही त्यात आले. क्रोममध्ये ती परवानगी फक्त क्लिक केल्यावरच मिळेल अशी ठेव, आणि पहिले काही दिवस खोट्या आकड्यांच्या प्रतीवरच चालव.

फाइल एक्सेलची असेल तर एक्स्टेन्शन नकोच. चौघं मिळून गूगल शीट भरत असाल, तर घे.