मंच की पडदा: वाद्यांसाठी लिहिणाऱ्यानं आधी कुठे जावं?

गाण्यांना चाली लावणाऱ्यांसाठी हे नाही. ज्याला चार वादकांच्या चौकडीसाठी, ऑर्केस्ट्रासाठी लिहायचंय आणि घरभाडंही भरायचंय, त्याच्यासाठी आहे. मंच म्हणजे मैफलीचा, पडदा म्हणजे सिनेमाचा.

पॅरिसमध्ये रचना शिकवणाऱ्या नादिया बुलांजेबाईंचे दोन शिष्य बघा. वनराज भाटिया १९५९ला मुंबईत परतले. सिंफनी लिहून इथे पैसे कोण देणार? त्यांनी हजारो जिंगल्स केल्या, १९७४च्या ‘अंकुर’पासून श्याम बेनेगलांच्या सिनेमांना संगीत दिलं, ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. अमेरिकेचे फिलिप ग्लास उलटे गेले. आधी मंच, आणि पोटासाठी न्यूयॉर्कमध्ये नळाची कामं आणि टॅक्सी. १९७६ला त्यांचा ऑपेरा तिथल्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये हाउसफुल्ल झाला, तरी टॅक्सी सुटली नव्हती. पण सिनेमावाले पुढे त्यांच्याकडे आले ते त्यांचाच आवाज हवा म्हणून.

मला खरा फरक इथे दिसतो. पडद्यावर नवख्याच्या वाट्याला टेम्प ट्रॅक येतो. एडिटरनं दृश्याखाली दुसऱ्याच कुणाचं संगीत तात्पुरतं लावलेलं असतं, महिनाभरात ते दिग्दर्शकाच्या कानात मुरतं, मग तो म्हणतो, “असंच, पण वेगळं.” मंचावर आधी नाव झालेल्याचं संगीतच कधीकधी तो टेम्प असतो.

शिवाय पडद्यावर वेळ तुमच्या हातात नसते. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत चार मात्रांचा बार (आवर्तन म्हणा) अडीच सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला चोवीसच्या हिशोबानं साठ फ्रेम. एका छोट्या सिनेमात दारावरची थाप नेमकी समेवर येईल असा क्यू, म्हणजे त्या दृश्याचा संगीताचा तुकडा, मी बसवला होता. पिक्चर लॉक आहे, म्हणजे कट आता बदलणार नाही, म्हणाले होते. रात्री नवा कट आला, अकरा सेकंदांनी तोकडा. म्हणजे चार बार आणि वर एक सेकंद. बार कापले, तो एक सेकंद कुठे लपवायचा यात पहाट झाली. शेवटी चेलोचा लांब सूर घालून त्याखाली ढकलला.

मंचावर हा जाच नाही. तिथे वाजवणारी जिवंत माणसं असतात, त्यांची तऱ्हा वेगळी. व्हायोलाच्या पार्टमध्ये पान उलटायला जागा ठेवली नाही तर वादक थांबतो, आणि मोजून मिळालेल्या तालमीतली पाच मिनिटं जातात. लॅपटॉपवरची बासरी श्वास घेत नाही. फक्त तिच्यावर शिकलेल्याचं लिखाण खरा बासरीवाला पहिल्या ओळीतच ओळखतो.

पैसा? पडद्यावर बहुधा पॅकेज, म्हणजे एकच ठरलेली रक्कम: वादक, स्टुडिओ, मिक्स सगळं त्यातच. चार व्हायोलिन वाढवलीत की खिसा तेवढा हलका. करार मात्र नीट वाचा. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला तुमचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. मंचासाठी पैसे देऊन नवी रचना मागवणारे इथे विरळा. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण एका ऑर्केस्ट्रावर किती रचनाकार जगणार?

घरची जबाबदारी नसेल तर दोन-तीन वर्षं मंचाला द्या, असं मी म्हणेन. असेल तर पडदा धरा, पण वर्षाकाठी एक तरी रचना खऱ्या वादकांकडून वाजवून घ्या.

आणि आपल्याकडे तिसरं दार आहेच, नाटकाचं. संगीतकार भास्कर चंदावरकरांनी १९७२ला ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचं संगीत केलं, १९७५ला ‘सामना’ या सिनेमाचं. पुण्या-मुंबईत एकांकिकांच्या तालमी सुरू झाल्या की प्रत्येक ग्रुप पार्श्वसंगीताला माणूस शोधत असतो. मानधन चहा-वडापावपुरतं, पण दारावरची थाप तिथे रोज वेगळ्या मात्रेवर पडते.