घेतला पात्यासाठी, वापरतोय टोच्यासाठी (व्हिक्टोरिनॉक्स स्पार्टन, चार वर्षांनंतर)

स्पार्टन, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सचा घडीचा स्विस चाकू, घेऊन चार वर्षं झाली, म्हणजे आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. बंद केल्यावर ९१ मिमी, वजन साठ ग्रॅमच्या आसपास, खिशात असला तरी जाणवत नाही. पात्यांबद्दल सगळ्यांनीच लिहून ठेवलंय, मी फक्त मागच्या बाजूला कॉर्कस्क्रूशेजारी (बाटलीचं बूच काढायचा पिळाचा स्क्रू) जो टोच्या, म्हणजे भोकं पाडायचं टोकदार अवजार, असतो ना त्याच्याबद्दल लिहिणारे, कारण पहिलं वर्षभर मी तो उघडलाच नव्हता.

उघडला तो बेल्टमुळे. बेल्टला एक भोक वाढवायचं होतं, घरात हातोडी-खिळा सापडेना, म्हणून हा काढला आणि नुसता दाबत बसलो, चामड्याला ढिम्म नाही. मग नीट बघितलं तर याच्या एका कडेला चक्क धार आहे. म्हणजे हा खुपसायचा नाहीच, टोक टेकवून गिरमिटासारखा फिरवायचा! उघडल्यावर हँडलला काटकोनात उभा राहतो त्यामुळे मुठीत छान बसतो, चामड्याचा बारीक भुसा निघत राहतो आणि दोन मिनिटांत भोक तयार. फक्त निमुळता असल्यामुळे एका बाजूने भोक मोठं आणि दुसऱ्या बाजूने बारीक होतं, म्हणून बेल्ट उलटा करून परत दोन-चार वेढे द्यायचे.

त्यानंतर मला नादच लागला. रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावायची तर बुडाला भोकं यानेच, पडद्याच्या रॉडचे स्क्रू लाकडात जाईनात तर आधी यानेच खड्डा करून घेतला, फेविकॉलची वाळून बंद पडलेली चोच यानेच मोकळी केली, आणि नारळाच्या तीन डोळ्यांपैकी जो मऊ असतो त्यात फिरवला की पाणी सरळ ग्लासात, फोडताना ओट्यावर सांडत नाही (आई अजूनही म्हणते की नंतर धुवून ठेव, बरोबरच आहे, सांध्यात खोबरं अडकतं). गाठी सोडवायला मात्र वापरू नका, धार आहे हे विसरून मी बहिणीच्या बुटाची लेस कापून बसलो. मोबाईलच्या सिमच्या भोकात जात नाही, जाड आहे.

आता शिवण. टोच्याला नेढं आहे, दोरा ओवून राजगडावर सॅकचा उसवलेला पट्टा शिवला होता. टोच्या आरपार घालून दोऱ्याचं लांब टोक पलीकडे ओढून ठेवायचं, मग पुढच्या भोकात घातला की थोडासा मागे घ्यायचा, दोऱ्याचा फासा होतो, त्यातून ते टोक ओवायचं, टोच्या बाहेर काढायचा आणि दोन्हीकडून आवळायचं. वेळ लागतो पण टिकतं. साधा बारीक दोरा नेढ्यात घासून तुटतो, जाड घ्या आणि त्याला मेणबत्ती घासा.

खाली आल्यावर आमच्या कोपऱ्यावरच्या चांभारकाकांना कौतुकाने दाखवला. त्यांनी उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "दादा, याला खाच कुठंय?" त्यांच्या आरीला टोकाशी खाच असते, ती पलीकडून दोरा ओढून आणते, एका झटक्यात टाका. माझी शिवण बघून "चालंल" म्हणाले, आणि तरी सगळी उसवून स्वतःच्या आरीने परत शिवली, वीस रुपये.

एक धोका सांगतो, टोच्याला लॉक नाही. मी एकदा लाकडावर आडवा जोर दिला, चूक माझीच, तो मिटला आणि बोट मध्ये. सरळ रेषेत जोर द्या आणि पलीकडे आपला हात ठेवू नका.

बाकी कॉर्कस्क्रू मी चार वर्षांत दोनदा वापरला असेल. स्विस सैनिकांच्या १८९० च्या पहिल्या मॉडेलमध्ये टोच्या होता पण कॉर्कस्क्रू नव्हता, तो १८९७ च्या ऑफिसर चाकूत आला, सैनिकांना गरज कशाची होती ते यावरून बघा. कॉर्कस्क्रू नकोच असेल तर याच कंपनीचा टिंकर घ्या, त्यात त्याजागी चार पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर आहे आणि टोच्याही आहे. कीचेनला लावायचा ५८ मिमीचा क्लासिक स्वस्त दिसतो म्हणून घ्याल तर त्यात टोच्या नसतो. आणि विमानाला जाताना आठवणीने चेक-इन बॅगेत टाका.